आठजणांनी मिळून बोट भाड्यानं घेऊन सेशेल्सची बेटं फिरायची आहेत: हंगाम, बोट, स्वयंपाक, काय बिघडतं?

टिळकवाडी_०८

नमस्कार मंडळी. आम्ही चार जोडपी: दोन बेळगावची, एक निपाणीचं, एक खानापूरचं. आठवडाभर आपल्यापुरती बोट घ्यायची, बोटीवरच राहायचं आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं, असा बेत आहे. डोक्यात सेशेल्स आहे, थायलंडमधलं फुकेतही चालेल. दोघे शिक्षक आहेत, त्यामुळे तारखा एप्रिल-मे किंवा दसऱ्याच्या सुट्टीतच हव्यात. पाचजणांना पोहता येतं, पण ते विहिरीतलं आणि घटप्रभेतलं. समुद्राची सवय कुणालाच नाही. तिघं शाकाहारी. बोट चालवायचं सर्टिफिकेट कुणाकडे नाही, एकाला शिकायची हौस मात्र दांडगी आहे.

कुठला महिना धरावा, किती मोठी बोट घ्यावी, बोट चालवायला माणूस घ्यावाच लागेल का आणि रोज किती अंतर कापावं? जाऊन आलेल्यांनी किंवा या धंद्यातल्यांनी नेमकं सांगावं. "मस्त आहे, जाऊन या" एवढंच नको.

चोर्ला_उतार

आधी तारीख पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

सेशेल्सची मुख्य बेटं माहे, प्रास्लिन आणि ला डिग. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर आहेत. चक्रीवादळांचा पट्टा त्याच्याही खाली असतो, म्हणून वादळाचा घोर फारसा नाही. वारा मात्र वर्षातून दोनदा बाजू बदलतो. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून १५ ते २५ नॉट, म्हणजे ताशी २८ ते ४६ किलोमीटर वारा असतो आणि समुद्र उसळलेला असतो. डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा, जोर कमी पण पाऊस जास्त. एप्रिल आणि ऑक्टोबर हे पालटाचे महिने. तेव्हा वारा मंद आणि पाणी नितळ. कर्नाटकातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलमध्ये लागते, दसऱ्याची बहुधा ऑक्टोबरच्या आसपास येते, म्हणजे तुम्हाला दोन्ही जमतात. मी एप्रिलचा शेवट धरेन, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला आग्नेय वाऱ्याची शेपटी कधीकधी उरलेली असते. मे अर्धा सरला की नवख्यांनी जाऊ नये. एप्रिलची एकच अडचण: उकाडा, आणि कित्येक दिवस शिडं नुसती लोंबत राहतील. निम्मा प्रवास इंजिनावर होईल असं धरूनच चला.

बोट कॅटामरानच, म्हणजे दोन सांगाड्यांचीच घ्या, ४० ते ४२ फुटी. एका सांगाड्याची बोट वाऱ्यात एका अंगावर कलते. दोन सांगाड्यांची जवळजवळ सपाट राहते, आणि नवख्या आठजणांना हेच हवं. या मापात चार डबल केबिन मिळतात, बहुतेक प्रत्येकीला स्वतंत्र संडास-बाथरूम. बोट पाण्यात सव्वा मीटरभरच बुडते, त्यामुळे किनाऱ्याच्या जवळ जाता येतं. स्किपरला, म्हणजे बोट चालवणाऱ्या माणसाला, नाळेच्या (बोटीच्या पुढच्या भागाच्या) टोकाला एक चिंचोळी बिछान्याची जागा असते. ती त्याच बोटीवर आहे ना, आणि बोटीचा परवाना नऊ माणसांचा आहे ना, हे बुकिंगआधीच लेखी विचारा. स्वयंपाकी घेतलात तर दहा. मग ४५ फुटीकडे वळावं लागेल.

स्किपर हवाच, त्यात चर्चा नको. सर्टिफिकेट नसताना बोट नुसती ताब्यात देत नाहीत, आणि देणारा भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका. तुमच्या हौशी मित्रानं मात्र आधी गोव्यात शिडाच्या बोटीचा प्राथमिक कोर्स करावा. चोर्ला घाट उतरला की पोचलात, आणि हंगाम ऑक्टोबर ते मे असतो. आरवायए (ब्रिटनची शिडाच्या बोटींची संस्था) पद्धतीचा 'कॉम्पिटंट क्रू' कोर्स पाच दिवसांचा आहे. त्यानं बोट एकट्यानं नेण्याचा हक्क मिळत नाही, पण दोर हाताळणं, गाठी मारणं, सुकाणू धरणं येतं, आणि स्किपरला दोन कामाचे हात मिळतात.

मार्ग असा आखा. माहेच्या पूर्वेला ईडन आयलंडच्या धक्क्यावर दुपारी बोट ताब्यात मिळते. पहिल्या रात्री लांब जाऊ नका. समोरच सेंट ॲनचं सागरी उद्यान आहे, तिथं किंवा धक्क्यावरच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत प्रास्लिनकडे निघा. अंतर सुमारे २५ सागरी मैल, पाच-सहा नॉटनं साडेचार-पाच तास. हा सगळ्यात लांबचा टप्पा. प्रास्लिन माहेच्या ईशान्येला आहे, त्यामुळे आग्नेय वारा असला तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा तो बाजूनं मिळतो. शिडांना असा वारा फार मानवतो.

पुढचे चार दिवस प्रास्लिनच्या आसपासच राहा, तिथं सगळं हाकेच्या अंतरावर आहे. क्युरियस बेट मैलभर लांब. तिथं मोठाली कासवं मोकळी हिंडतात आणि १९६५ पर्यंत चाललेल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचे अवशेष आहेत. वाटेत सेंट पिएर हा छोटा खडक लागतो. मासे बघायला त्याच्याभोवती पोहा. वायव्य टोकाला आन्स लाझिओ: आग्नेय वाऱ्यात तिथं आडोसा मिळतो, पण वायव्येकडून लाट आली तर रात्रभर झोप नाही. ला डिग चारेक मैलांवर. तिथल्या बंदरात नांगर पुढं टाकून मागचे दोर किनाऱ्याला बांधावे लागतात, हे काम स्किपरवर सोडा. बेटावर सायकली भाड्यानं मिळतात. व्हॅली द मे हे प्रास्लिनवरचं ताडवन १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. 'कोको द मेर' हा जोडनारळ तिथलाच. तो घेतलाच तर अधिकृत कागदासहच घ्या, नाहीतर विमानतळावर काढून घेतात.

शेवटची रात्र माहेच्या आसपासच काढा. रात्री बोट चालवायला करारातच मनाई असते, आणि विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश टिकत नाही. साडेसहाच्या आगेमागे अंधार होतो. रोज चारच्या आत नांगर पडलेला असावा.

वडगावची_वहिनी

स्वयंपाकाचं कुणी लिहीत नाही, आणि आठवड्यातली निम्मी भांडणं तिथंच होतात. म्हणून सविस्तर लिहिते.

बोटीवरची शेगडी दोन किंवा तीन बर्नरची आणि लहान. आच आपल्या घरच्या शेगडीपेक्षा मंद. ज्वारीची भाकरी तिच्यावर नीट फुगत नाही, नाद सोडा. चपात्या होतात, पण आठजणांना प्रत्येकी तीन म्हटलं तर चोवीस, त्याला किलोभर कणीक आणि तासापेक्षा जास्त वेळ. तेवढा वेळ ओट्यापाशी उभी राहणारी बाई घामानं निथळते, आणि बोट हलत असेल तर तिलाच पहिली ओकारी. म्हणून चपाती रोज एकदाच, संध्याकाळी, नांगर पडल्यावर. लाटणं दोघांनी आळीपाळीनं धरायचं, पुरुषांनी सुद्धा. दुपारी भात-आमटी किंवा विकतचा पाव. सकाळी पोहे, उपीट.

प्रमाण धरा: भाताला एका वेळेस ६०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम डाळ, पोहे ६०० ग्रॅम, कांदे दिवसाला किलोभर, तेल आठवड्याला दोन लिटर. तांदूळ, डाळ, कणीक इथून न्यायची गरजच नाही. माहेवरच्या राजधानीत, व्हिक्टोरियात, तमिळ वस्ती आहे, गणपतीचं मंदिरसुद्धा आहे, आणि आपलं वाणसामान दुकानात मिळतं. भाजी आणि मासळी सेल्विन क्लार्क बाजारात, सकाळी लवकर जा. घरून न्यायचं ते कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, लोणचं (दोनदा पिशवीत बांधून), भडंग आणि पाच लिटरचा कुकर. कुकर बोटीवर नसतो. ताजी भाजी, फळं, बियाणं, मांस नेऊ नका, आणि उतरल्यावर कस्टमला विचारतील तेव्हा खाण्याचं आहे म्हणून सरळ सांगा. कुंदा नेणार असाल तर विमानातच संपवा. दुधाच्या पदार्थावर प्रश्न येतात आणि त्या उष्म्यात तो टिकायचाही नाही.

कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही. शेगडीला भांडं अडकवायच्या पट्ट्या असतात, त्या लावल्याशिवाय काही उकळायला ठेवायचं नाही. तळण फक्त नांगर पडलेला असताना, आणि तेही शेजारून मोठी बोट जात नाही ना बघून.

गॅस. हे मोठ्या अक्षरात लिहून ओट्यावर चिकटवा. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळाला तर थोडाफार तरी दाराखालून, मोरीतून निघून जाऊ शकतो. बोटीला खाली दारच नाही, तो तळाला साचून राहतो आणि एका ठिणगीला पुरतो. म्हणून स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरचा कॉक बंद करायचा, नळीतला गॅस जळून शेगडी आपोआप विझू द्यायची, मग शेगडीचं बटण. ओट्याजवळ गॅस तोडायचं विजेचं बटण असलं तरी सिलिंडर बंद करायचाच.

पाणी: टाकीत ६०० ते ८०० लिटर येतं. माणशी १५ लिटरनं आठजणांना दिवसाला १२० लिटर, म्हणजे ७०० लिटर सहा दिवसांचं. नवव्या स्किपरला विसरू नका. अंघोळ समुद्रात, साबण लावून मागच्या पायरीवरच्या शॉवरनं दोन मिनिटं. भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटी गोड्यात एकदा बुडवायची. प्यायचं पाणी वेगळं विकत, माणशी तीन लिटर: नऊजणांना सात दिवसांचं १८९ लिटर. पाच लिटरचे ३८ कॅन झाले. ते आणायला टॅक्सी एक नाही, दोन लागतात.

टिळकवाडी_०८

वहिनी, चोर्ला अण्णा, मनापासून आभार. पुरुषांनी लाटणं धरायचं वाचून ग्रुपवर एकदम शांतता पसरली आहे.

स्किपर घ्यायचं ठरलं. आता हे सांगा: स्किपर असताना आम्हाला काय काय यायला हवं? आणि आठवड्यात नेमकं काय बिघडतं? निपाणीचे मित्र म्हणतात की वादळापेक्षा संडासच जास्त त्रास देतो. खरं का?

कारवार_बंदर

निपाणीकरांचं बरोबर आहे. लोक वादळाला भितात, पण सुट्टी खराब होते ती संडास, नांगर आणि डिंगीपायी. क्रमानं सांगतो.

संडास. बोटीवरच्या संडासाची नळी दीड इंचाची, आणि त्यात एक रबरी पडदा असतो. पोटात जे गेलं नाही ते त्यात जाता कामा नये, कागदसुद्धा नाही. केस, सॅनिटरी पॅड, ओला टिश्यू गेला की पडदा अडतो, मैला उलट येतो, आणि स्किपरला अर्धा दिवस ते खोलत बसावं लागतं. दुरुस्तीचा खर्च बहुधा तुमच्याच डिपॉझिटमधून. आपल्याला पाण्याची सवय, ती चालते. बेसिनचा नळ ओढून लांब होतो, तोच वापरा. पण जेवढं पाणी ओताल तेवढं मैल्याच्या टाकीत जातं, आणि ती टाकी लहान असते. हातपंपाचा संडास असला तर वापरानंतर १५-२० दांडे पूर्ण मारायचे, घाईत पाचच मारले की मैला नळीतच बसतो. टाकी कुठं रिकामी करायची ते स्किपर सांगेल. जिथं पोहायचं त्या खाडीत कधीच नाही.

नांगर. तुमच्यातल्या दोघांनी हे काम पक्कं शिकून घ्यावं, कारण सुकाणूवर स्किपर असतो आणि नाळेवर माणूस लागतोच. साखळी किती सोडायची याचा हिशेब सोपा आहे. पाण्याची खोली, भरतीनं चढणारं पाणी आणि नाळेची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करायची, आणि तिच्या पाचपट साखळी सोडायची. समजा ओहोटीला सहा मीटर पाणी आहे, भरतीला दीड मीटर चढेल आणि नाळ दीड मीटर उंच आहे. बेरीज नऊ, म्हणजे ४५ मीटर साखळी. नवखे 'सहा पाचा तीस' करून झोपतात आणि पहाटे बोट शेजारच्या बोटीच्या अंगावर. साखळी जमिनीवर आडवी पसरलेली असली तरच नांगराचा फाळ रुततो. तोकडी सोडली की ओढ वरच्या दिशेनं बसते आणि नांगर उपटतो.

नांगर टाकताना बोट थांबलेली हवी. नांगर तळाला टेकला की बोट हळूहळू मागं जात साखळी सैल पसरू द्यायची, ढीग घालायचा नाही. मग इंजिन उलटं, आधी हळू, मग मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांपर्यंत नेऊन अर्धा मिनिट. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्याच्यामागची टेकडी एका रेषेत धरून बघत राहा. रेष मोडली नाही तर नांगर धरला. कॅटामरानला नंतर दोन्ही नाळांना बांधलेला दुपेडी दोर साखळीला अडकवतात, म्हणजे ओढ यंत्रावर न पडता दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. शेवटी चष्मा लावून एकानं पोहत जाऊन नांगर डोळ्यांनी बघायचा. पोवळ्यावर नांगर टाकायचा नाही, फक्त वाळूच्या फिक्या ठिपक्यावर. ते ठिपके दिसायला ऊन डोक्यावर हवं, दहा ते तीन, आणि पोलराइज्ड गॉगल लागतो. उद्यानांत बांधायचे तरंगते गोळे ठेवलेले असतात, तिथं शुल्क भरून तेच वापरायचे.

साखळी ओढायचं विजेचं यंत्र इंजिन चालू ठेवूनच वापरा, नाहीतर बॅटरी बसते. ते साखळी गोळा करण्यापुरतं आहे, बोट ओढायला नाही. बोट इंजिनानं नांगराकडे हळू पुढं न्यायची आणि सैल पडलेली साखळी तेवढी गुंडाळायची. जोर पडला की त्याचा ब्रेकर उडतो. तो ब्रेकर बहुतेक एखाद्या बिछान्याखाली असतो. कुठं आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. साखळीजवळ अनवाणी पाय आणि हाताची बोटं नेऊ नका.

डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर न्यायची रबरी होडी. तीन चुका सगळीकडे होतात. पहिली: बोट मागं घेताना डिंगीचा दोर इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात गुंडाळतो. मागं जायच्या आधी दोर आखूड करायचं काम एकाच माणसाकडे द्या, रोज तोच. दुसरी: इंजिन पाच मिनिटं चालून बंद पडतं आणि सगळे दोरी ओढून घामाघूम होतात. दहातल्या आठ वेळा पेट्रोल टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असतो. आत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल ओढलं जात नाही. स्क्रू सैल करा, नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा, मग दोरी ओढा. तिसरी: वाळूला लागताना इंजिन वर न उचलणं. पंखा वाळूत घासतो, त्याची पिन तुटते. लाट असली तर किनाऱ्यापासून थोडं अलीकडेच इंजिन बंद करून वर घ्या, वल्ह्यानं या, आणि उतरल्यावर होडी पाण्याच्या खुणेच्या वर ओढा. भरती येते. लाल दोरीचा किल-कॉर्ड (ओढला गेला की इंजिन बंद पाडणारा) मनगटाला किंवा गुडघ्याला बांधल्याशिवाय इंजिन सुरूच करायचं नाही. माणूस पडला आणि होडी गोल फिरत त्याच्यावर आली, की पंख्यानं काय होतं ते लिहीत नाही.

इंजिन. सकाळी सुरू केल्यावर पहिलं काम मागं वाकून बघणं: बाहेर पाणी फेकतंय का? नसेल तर लगेच बंद. समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी गवतानं किंवा प्लास्टिकच्या पिशवीनं तुंबलेली असते. जाळी साफ करूनही पाणी येत नसेल तर पंपातला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चक्र, गेला. सुटा इम्पेलर बोटीवर आहे का, ते ताब्यात घेताना बघा. एका इंजिनाला ताशी तीनेक लिटर डिझेल धरा, दोन्ही मिळून सहा. तुमच्या मार्गाचे सगळे मिळून ८०-९० मैल होतील. सगळं इंजिनावर गेलात तरी शंभर लिटरच्या आसपास भागतं.

वीज. सगळ्यात जास्त खातो तो फ्रिज. शिशाच्या बॅटऱ्या १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, लवकर मरतात. आठ मोबाइल, दोन स्पीकर आणि कुणाची केस वाळवायची मशीन असलं काढलं की पहाटे फ्रिज बंद आणि मासे वास मारायला लागलेले. केस उन्हात वाळतात.

वाऱ्याबद्दल एकच. कॅटामरान कलत नाही, त्यामुळे शीड जास्त झाल्याचं अंगाला कळत नाही. म्हणून आकडा बघायचा. बोटीच्या पुस्तकात कितव्या नॉटला शीड किती कमी करायचं ते लिहिलेलं असतं, पहिली घडी बहुतेक १८ ते २० नॉटच्या आसपास. तुमच्या हौशी मित्राला हे पान पाठ करायला लावा. स्किपर त्याला लगेच सुकाणू देईल.

निपाणी_नाका

सगळं खरं, पण सेशेल्स महाग आहे हे कोण सांगणार? बाजार, हॉटेल, दारू, सगळंच बाहेरून येतंय. आठ माणसांना फुकेत बरं की. फांग-ङा उपसागरात बेटं एवढी जवळजवळ आहेत की दोन-तीन तासांच्यावर चालायलाच नको. शाकाहारी जेवण गावोगाव मिळतंय, आणि चुनखडीचे सुळके असे उभे की बघत राहावं.

पण एप्रिल-मे म्हटलं की तिथं हंगाम संपतोय. तिकडचा चांगला वारा ईशान्येचा, नोव्हेंबर ते एप्रिल. ऑक्टोबरात पाऊस असतोय. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जमलं तरच बघा. आणि तिथली भरती-ओहोटी मोठी, उधाणाला तीन मीटरच्या आसपास. अमावस्या-पौर्णिमा टाळून अष्टमीच्या सुमाराचा आठवडा धरा, भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं. बेटांच्या पोटातल्या 'हाँग' म्हणतात त्या पोकळ्यांत कयाकनंच जायचं. चुकीच्या वेळेला आत गेलात तर पाणी चढून बोगद्याचं तोंड बंद. मग सहा तास आत बसा डास मारत. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते डबे बघत जा, दोर पंख्यात येतो. फी फी बेटांतल्या माया बे या खाडीत बोट आत नेता येत नाही, मागच्या बाजूनं उतरून चालत जायचं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ती दरवर्षी बंद असते.

आणखी एक, थायलंडमध्ये ई-सिगारेट बेकायदा आहे. बॅगेत कुणाच्या असेल तर इथंच ठेवून जावा.

चोर्ला_उतार

नाक्याचं म्हणणं पैशाच्या बाजूनं बरोबर. पण फांग-ङामध्ये पाणी गढूळ असतं, मासे बघायचे असतील तर दक्षिणेला राचा किंवा फी फी बेटांपर्यंत जावं लागतं. पोहणं मुख्य असेल तर सेशेल्स. खाणं-फिरणं आणि खर्च मुख्य असेल, आणि तारीख मार्च-एप्रिलच्या सुरुवातीची मिळाली, तर फुकेत. शिक्षकांच्या सुट्ट्या बघता तुम्हाला सेशेल्सच सोयीचं.

हिंडलगा_ओपीडी

बोट लागण्याबद्दल. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, त्यामुळे आधीच घ्यावी लागते. सिनारिझिन निघण्याच्या दोनेक तास आधी घेतात. प्रोमेथाझिननं झोप जास्त येते, म्हणून ती रात्रीसाठी बरी. काचबिंदू, प्रोस्टेट, गरोदरपण असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी एक गोळी घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळेल. गोळी आणि दारू एकत्र नको. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं, भडंग, आल्याचा तुकडा चालतो. मळमळायला लागलं की खाली केबिनमध्ये जाऊन आडवं होऊ नका. वर या, क्षितिजाकडे बघा, जमलं तर सुकाणू हातात घ्या. मोबाइलवर फोटो बघत बसलेला माणूस हमखास पहिला.

पोहणारे पाच म्हणता. विहिरीत काठ चार हातांवर असतो आणि नदीचा प्रवाह डोळ्यांना दिसतो. समुद्रात बोटीभोवतीचा प्रवाह दिसत नाही. पाण्यात उतरायच्या आधी एक पाव पाण्यात टाकून बघा किती वेगानं वाहून जातो. मागून २०-३० मीटरचा तरंगता दोर, टोकाला फेंडर (बोटीच्या बाजूला लावतात तो हवेचा फुगा) बांधून सोडा. इंजिन चालू असताना कुणी पाण्यात नाही. न पोहणाऱ्या तिघांसाठी लाइफ जॅकेट पहिल्या दिवशीच अंगावर घालून, मांडीतला पट्टा लावून बघा. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि डोकं खाली राहतं.

पायात रबरी बूट घालूनच उथळ पाण्यात चाला, समुद्री अर्चिनचे काटे आणि दगडमासा दोन्ही आहेत. दगडमासा टोचला तर पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, अर्धा तास किंवा जास्त बुडवून ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. दुखऱ्या पायाला गरमीचा अंदाज येत नाही, म्हणून पाण्यात आधी दुसऱ्यानं हात घालून बघावं. पोवळ्यानं खरचटलं तर गोड्या पाण्यानं चोळून धुवा, कण आत राहिले की जखम चिघळते. सेशेल्समध्ये मलेरिया नाही, पण वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी फार चावतात. ओआरएसची वीस पाकिटं न्या, उष्म्यात लागतात.

अनगोळ_हिशेबी

पैशाचं आणि कागदाचं राहिलं.

भाव विचारताना नुसतं बोटीचं भाडं बघू नका. स्किपरचा रोजचा दर आणि त्याचं जेवण, डिझेल, शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, डिंगीचं पेट्रोल, उद्यानांचं शुल्क, धक्क्याचं भाडं हे वेगळं असतं. एकाच ईमेलमध्ये सगळे आकडे मागा. डिपॉझिट कार्डावर अडकवून ठेवतात, हजारो युरोंत, म्हणून कार्डाची परदेशी मर्यादा आणि शिल्लक आधी बघा. जास्तीचे पैसे भरून डिपॉझिट कमी करता येतं. ते घेतलं तरी डिंगी, तिचं इंजिन, पंख्यात दोर अडकणं यांतलं काय वगळलंय ते वाचा, बहुतेक वेळा नेमकं तेच वगळलेलं असतं. प्रवास विम्यात शिडाची बोट आणि पाण्यातले खेळ धरलेत का हेही बघा. इथल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस (एजंटनं आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता करून घ्या.

सेशेल्सला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. तिथं राहण्याचा पुरावा मागतात, त्यासाठी बोटीच्या बुकिंगचं पत्र आणि पहिल्या-शेवटच्या रात्रीचं हॉटेल. बोटीवरच्या माणसांची यादी पासपोर्टवरून करतात. आपल्याकडे आधारवर एक नाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, रेशनकार्डावर कन्नड उच्चाराप्रमाणे तिसरं, असं सर्रास. तिकीट, परवानगी आणि बोटीची यादी, तिन्हीकडे पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं. जन्मगाव जुन्या पासपोर्टवर बेलगाम आणि नव्यावर बेळगावी असेल तर घाबरू नका, शहराचं नाव २०१४ ला बदललं म्हणून तो फरक आहे.

सामान मऊ पिशव्यांत, चाकांची कडक बॅग बोटीवर ठेवायला जागाच नाही. बोट ताब्यात घ्यायच्या आदल्या दिवशी माहेला पोचलेले असा. विमान चुकलं तर भाडं परत मिळत नाही.

ताब्यात घेताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: दोन्ही सांगाड्यांच्या बाजू, नाळा, डिंगीचा तळ, तिच्या पंख्याची पाती, शिडांवरचे टाके, गाद्यांवरचे डाग. जुने ओरखडे त्यांच्या कागदावर लिहून घेऊन सही घ्या. परतीला डिझेल भरून द्यायचं असतं. सगळ्यांच्या बोटी एकाच सकाळी परत येतात आणि पंपावर रांग लागते, म्हणून आदल्या दुपारीच भरा, पावती फोटो काढून ठेवा.